रस्ता उखडण्याआधी

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात १८४८ सालच्या तिथल्या कामगारांच्या बंडाची दोन छायाचित्रं आहेत. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटवलेली, डॅगेरोटाइप म्हणतात तसली. तिबो नावाच्या माणसाने ती एका उंच खिडकीतून घेतली. पहिलं रविवार २५ जूनचं. लांबलचक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना बंद खिडक्यांची घरं आणि रस्ता अडवायला बंडखोरांनी एकामागे एक रचलेले दगडांचे बॅरिकेड. तेव्हाच्या कॅमेऱ्याला एक चित्र टिपायला इतका वेळ लागायचा की हलती माणसं उमटतच नसत, त्यामुळे रस्ता ओसाड वाटतो. दुसरं चित्र सोमवारचं, २६ जूनचं. तोच रस्ता, तीच खिडकी. मधल्या वेळात जनरल लामोरिसिएरचं सरकारी सैन्य तिथून गेलेलं आहे. बॅरिकेड फुटलेत आणि रस्ताभर धूसर गर्दी आहे.

ही जोडी मी कितीदा तरी पाहिली आहे, आणि दर वेळी वाटतं की यातलं एक चित्र राहून गेलं. गुरुवारचं, २२ जूनचं. त्या दिवशी या रस्त्याचा एकही दगड हलला नव्हता. कामगारांचं एक शिष्टमंडळ लक्झेंबर्ग राजवाड्यात सरकारच्या कार्यकारी मंडळाच्या सदस्याला भेटायला गेलं होतं आणि हात हलवत परत आलं होतं.

‘आंदोलनाला हिंसक वळण लागलं’ ही आपल्या वर्तमानपत्रांची ठरलेली ओळ आहे. हे वळण नेमकं कुठे लागलं, हे त्या ओळीत कधीच नसतं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या कामगार उठावांबद्दल आपण जे वाचतो, शिकतो, तेही याच ओळीच्या चालीवर चालतं: दंगा झाला, बॅरिकेड उभे राहिले, सैन्य आलं, इतके मेले. माझं म्हणणं असं की हा हिशोब चुकीच्या तारखेपासून मांडला जातो. तो मांडायचा तर दिलेला शब्द मोडला गेला त्या दिवसापासून मांडायला हवा.

आधी लियाँची गोष्ट सांगतो, कारण ती या बाबतीत आरशासारखी स्वच्छ आहे.

लियाँ हे फ्रान्सचं रेशमाचं शहर. तिथल्या विणकरांना ‘कान्यू’ म्हणत. क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर त्यांची वस्ती होती. जॅकार्ड माग उंच, म्हणून तिथल्या खोल्यांची छतंही चार-चार मीटर उंच बांधलेली. खाली माग, वर लाकडी माळा, आणि माळ्यावर बायकापोरांसह संसार. धंद्याची रचना अशी की व्यापारी रेशीम द्यायचा, नक्षी द्यायचा. माग विणकराचा, जागा विणकराची, हाताखालच्या कारागिराचा पगारही त्यानेच द्यायचा. आणि कापड झालं की विणलेल्या मापावर मजुरी. इचलकरंजीच्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. नावाला मालक आणि भाव पडला की सगळ्यांत आधी उपाशी. लियाँमध्ये असे सुमारे आठ हजार मागमालक-विणकर होते आणि त्यांच्या हाताखाली त्याहून कितीतरी जास्त कारागीर.

मजुरी पडत गेली. काही विणकर दिवसाला पंधरा तासांहून अधिक बसायला लागले. तरी ते थेट रस्त्यावर उतरले नाहीत, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी १८२८ मध्ये परस्पर मदतीचं मंडळ काढलं होतं. १८३१ च्या ऑक्टोबरअखेरीस त्यांनी स्वतःचं साप्ताहिकही काढलं, ‘एको द ला फाब्रीक’ नावाचं. मागणी एकच होती: कोणत्या कापडाला किमान किती मजुरी, याचं एक दरपत्रक ठरवा. तिथला प्रिफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, बुव्हिए-द्यूमोलार, हा समजूतदार माणूस होता. त्याने दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समोरासमोर बसवले आणि २५ ऑक्टोबर १८३१ रोजी दरपत्रक ठरलं. टेकडीवर आनंद झाला. अर्ज, बैठक, वाटाघाटी, करार, सगळं रीतसर पार पडलं होतं.

मग शंभराहून अधिक व्यापाऱ्यांनी ते दर द्यायला नकार दिला. व्यापाराच्या स्वातंत्र्यात हा हस्तक्षेप आहे, असं त्यांचं म्हणणं. पॅरिसमधल्या सरकारचंही मत तेच पडलं. प्रिफेक्टला दर ठरवण्याचा अधिकारच नाही, म्हणजे करार नुसता कागद.

२१ नोव्हेंबरच्या सकाळी विणकर टेकडीवरून खाली निघाले. बॅरिकेड उभे राहिले आणि काळ्या झेंड्यावर ते प्रसिद्ध शब्द आले: काम करून जगू, नाहीतर लढत मरू. या वाक्यातला क्रम नीट वाचा. आधी काम आहे. दोन दिवसांत सैन्याला शहर सोडावं लागलं आणि फ्रान्सचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर विणकरांच्या ताब्यात आलं. त्यांनी काय केलं? टांकसाळीवर आणि खजिन्यावर पहारे बसवले. लूट होऊ दिली नाही. राज्य चालवण्याचा त्यांचा काही बेतच नव्हता. त्यांना दरपत्रक हवं होतं. ३ डिसेंबरला मार्शल सूल आणि राजपुत्र वीसेक हजारांची फौज घेऊन शहरात शिरले, तेव्हा फारसा प्रतिकारही झाला नाही. दरपत्रक रद्द झालं. ज्या प्रिफेक्टने ते जमवून आणलं, त्याला परत बोलावण्यात आलं.

त्याच डिसेंबरात पॅरिसच्या एका वजनदार दैनिकात सँ-मार्क जिरार्दँ या प्राध्यापकाने लिहिलं की समाजाला धोका असलेले रानटी लोक कॉकेशसमध्ये किंवा तार्तरीच्या माळांवर नाहीत, ते आपल्या औद्योगिक शहरांच्या उपनगरांत आहेत. ज्यांनी साप्ताहिक काढलं, मंडळ काढलं, वाटाघाटी केल्या, करार पाळला, ते रानटी. हा एक शब्द पुढची चाळीस वर्षं सैनिकांच्या बंदुकांइतकाच कामाला आला. १८३४ च्या एप्रिलमध्ये लियाँ पुन्हा पेटलं, या वेळी संघटनांवर बंदी आणणाऱ्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर, आणि शेकडो माणसं मेली. त्याच आठवड्यात पॅरिसच्या ट्रान्सनोनँ रस्त्यावरच्या एका घरात सैनिक घुसले आणि त्यांनी आतल्या बारा रहिवाशांना मारून टाकलं. ओनोरे दोमिए या चित्रकाराने त्या घरातलं दृश्य दगडी छापावर काढलं: अंगात रात्रीचा सदरा असलेला एक माणूस पलंगाशी पडलेला आणि त्याच्या अंगाखाली लहान मूल. ते चित्र ज्याने पाहिलंय, त्याला रानटी या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता १८४८. इथे प्रकरण जास्त अवघड आहे आणि म्हणून माझ्या म्हणण्याची खरी कसोटी इथे आहे.

फेब्रुवारीत पॅरिस उठलं, राजा लुई-फिलिप पळाला, प्रजासत्ताक आलं. २५ फेब्रुवारीला नव्या हंगामी सरकारने एक फर्मान काढलं. त्यात शब्द असे होते की कामगाराला कामाद्वारे जगण्याची हमी देण्यास सरकार बांधील आहे. सर्व नागरिकांना काम देण्याची हमी सरकार देते. कामगारांनी प्रजासत्ताकाच्या सेवेत तीन महिने हलाखीचे काढायची तयारी दाखवली, असं तेव्हा म्हटलं जाई. मग ‘राष्ट्रीय कार्यशाळा’ निघाल्या. नाव मोठं आणि काम मातीचं. मंदीने बेकार झालेले जवाहिऱ्यांचे कारागीर, सुतार, शिंपी हातात फावडं घेऊन मैदानं सपाट करत होते. काम असेल त्या दिवशी दोन फ्रँक, नसेल त्या दिवशी त्याहून कमी. जूनपर्यंत नावं नोंदवलेल्यांचा आकडा एक लाखावर गेला होता.

या कार्यशाळा कशाही चालल्या होत्या, पैशांचा अपव्यय होता, हा आक्षेप मला मान्य आहे. आपल्याकडे दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असेल की अशा कामातून काय निघतं आणि काय निघत नाही. पण कार्यशाळा सुधारणं, त्या टप्प्याटप्प्याने बंद करणं, कारागिरांना त्यांच्या त्यांच्या धंद्यात परत लावणं, असे मार्ग होते. निघाला तो आदेश असा: १८ ते २५ वयाच्यांनी सैन्यात भरती व्हावं आणि बाकीच्यांनी पॅरिस सोडून जिल्ह्यांत जावं, सोलोन्यच्या दलदलीत मातीकामाला. २२ जूनच्या त्या शिष्टमंडळाला कार्यकारी मंडळाचे सदस्य मारी यांनी सांगितलं की जाणार नसाल तर बळाने पाठवू. चार महिन्यांपूर्वी दिलेल्या हमीचं उत्तर हे होतं. माझ्या मते २२ जूनच्या या वाक्यात पहिली गोळी सुटली.

दुसऱ्या दिवशी शहराचा पूर्वेकडचा अर्धा भाग बॅरिकेडांनी भरला. तेव्हा सूफ्लो रस्त्यावर, पँथिऑनच्या समोर, एक प्रसंग घडला. फ्रान्सचे मोठे खगोलशास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो, बासष्ट वर्षांचे, आयुष्यभराचे प्रजासत्ताकवादी, त्या वेळी सरकारच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुख. ते स्वतः बॅरिकेडपाशी चालत गेले आणि लोकांना समजावू लागले की प्रजासत्ताकाविरुद्ध लढू नका. पलीकडून उत्तर आलं, ‘आरागोसाहेब, तुम्ही कधी उपाशी राहिला नाहीत. दारिद्र्य काय असतं ते तुम्हाला ठाऊक नाही.’ आरागो परत फिरले.

आरागो वाईट माणूस नव्हते. गुलामगिरी रद्द करण्याच्या एप्रिलमधल्या फर्मानामागे जे सरकार होतं, त्यात ते होते. म्हणूनच हा प्रसंग बोचतो. दोन्ही बाजूंना प्रजासत्ताकाचीच माणसं होती, आणि मधे दगडांची भिंत घालून ती एकमेकांशी बोलत होती. तेही चार दिवसच. २४ जूनला शहरात लष्करी अंमल जाहीर झाला आणि सगळी सत्ता जनरल काव्हेन्याकच्या हाती गेली. काव्हेन्याक आणि लामोरिसिएर दोघेही अल्जीरियाच्या लढायांत तयार झालेले. वसाहतीत शिकलेली युद्धाची रीत राजधानीत आली. तोफांनी घरं फोडली. पॅरिसचे आर्चबिशप आफ्र मध्यस्थी करायला सँतांत्वान उपनगरातल्या बॅरिकेडपाशी गेले आणि गोळी लागून दोन दिवसांनी वारले. २६ तारखेला सगळं संपलं. मेलेल्यांची गणती हजारांत. पकडलेलेही हजारोंनी, आणि त्यांतल्या चार हजारांहून अधिकांना हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांतल्या काहींना पुढे अल्जीरियात पाठवलं गेलं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे: जूनचं सरकार राजाचं नव्हतं. एप्रिलमध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार देऊन निवडणूक झाली होती. आधी जेमतेम अडीच लाख मतदार होते, ते नव्वद लाखांच्या घरात गेले होते. त्यांनी निवडलेल्या सभेने कार्यशाळा बंद करायचं ठरवलं. मग त्याविरुद्ध शस्त्र उचलणं म्हणजे लोकशाहीविरुद्धच बंड नव्हे का?

हा आक्षेप झटकून टाकणारे मला पटत नाहीत. तो खरा आहे. जूनच्या बंडखोरांनी वाटाघाटीला आलेल्या जनरल ब्रेआला पकडून ठार केलं, तो खूनच होता, त्याला दुसरं नाव नाही. आणि फ्रान्सच्या खेड्यांचं मत पॅरिसच्या कामगारांविरुद्ध होतं, हेही खरंच. लढाई सुरू असताना जिल्ह्याजिल्ह्यांतून स्वयंसेवक आगगाडीने पॅरिसला येत होते, बंड मोडायला. त्यांत शेतकरीही होते.

पण शेतकरी का चिडले होते? सरकारने मार्चमध्ये थेट करांवर दर फ्रँकमागे ४५ सांतीमचा, म्हणजे जवळपास निम्म्याचा, जादा बोजा टाकला होता. त्याचा घाव लहान जमीनवाल्यावर बसला आणि त्याला सांगण्यात आलं की तुझा पैसा पॅरिसच्या आळश्यांना पोसायला जातोय. दोन गरिबांना एकमेकांच्या अंगावर घालण्याची ही युक्ती जुनी आहे. बंड मोडण्यात पुढे असलेलं ‘गार्द मोबील’ हे दलही त्याच वस्त्यांतल्या तरुण बेकार पोरांचं होतं, दिवसाला दीड फ्रँकवर घेतलेलं. एकाच गल्लीतला थोरला भाऊ बॅरिकेडच्या आत आणि धाकटा बाहेर, असं घडू शकणारा तो जून होता.

आणि बहुमताचं म्हणाल, तर बहुमताला धोरण बदलण्याचा अधिकार आहेच. दिलेली लेखी हमी चार महिन्यांत, पर्याय न देता, बळाची धमकी देऊन मागे घेण्याचा अधिकार त्यात येतो का? मला वाटतं, येत नाही. मतपेटीतून सत्ता मिळते. माणसांना रातोरात दलदलीत पाठवण्याचा परवाना तिच्यातून मिळत नाही. अलेक्सी द तॉकव्हिल त्या सभेत सरकारच्या बाजूने होते, बंडाचे कट्टर विरोधक. त्यांनाही आपल्या आठवणींत नोंदवावं लागलं की ही लढाई सरकार बदलण्याची नव्हती, वर्गावर वर्ग उठला होता. एवढं ओळखूनही त्या सभेला बंदोबस्तापलीकडचं काही सुचलं नाही, याचा मला राग येतो.

इथे आपल्या बाजूच्या, म्हणजे कामगारांची कड घेणाऱ्या लोकांशीही माझं एक भांडण आहे. बॅरिकेडचं आपण फार कौतुक करतो. झेंडा, धूर, वर चढलेला तरुण. चित्रात ते सुंदर दिसतं. प्रत्यक्षात बॅरिकेड म्हणजे आपल्याच गल्लीत स्वतःला कोंडून घेणं. ‘बॅरिकेड’ हा शब्द पिंपाच्या फ्रेंच नावावरून आला. १५८८ च्या मे महिन्यात पॅरिसकरांनी पिंपांत माती-दगड भरून रस्ते अडवले होते. अडीचशे वर्षांनी पिंपांच्या जागी उलटलेल्या बसगाड्या, फरसबंदीचे दगड, लोखंडी जाळ्या आल्या, पण कल्पना तीच. तोफेपुढे ते टिकत नाही. एंगल्सने १८९५ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, हे साफ लिहिलं की बॅरिकेडचा परिणाम शस्त्रापेक्षा नैतिकच जास्त होता. समोरच्या सैनिकाचं मन डळमळलं तरच ते जिंकायचं. फेब्रुवारीत सैनिक डळमळले, जूनमध्ये नाही. आणि जूनमध्ये ते का डळमळले नाहीत, याचं उत्तर त्या ‘रानटी’ शब्दात आणि ४५ सांतीमच्या करात आहे. माणसाला आधीच परका ठरवलं की त्याच्यावर गोळी झाडताना हात थरथरत नाही.

बर्लिनमध्ये १८४८ च्याच मार्चमध्ये उलटं घडलं. १८ मार्चच्या रात्री तिथेही बॅरिकेड लढले आणि तीनशेच्या आसपास माणसं मेली, बहुतेक हातावर पोट असलेले कारागीर. सकाळी लोकांनी प्रेतं राजवाड्याच्या चौकात आणली, जखमा उघड्या ठेवून. राजा फ्रीड्रिख विल्हेल्मला बाहेर यावं लागलं आणि लोकांनी ओरडून सांगितल्यावर टोपी काढावी लागली. राज्य त्याने सोडलं नाही, पुढे वर्षभरात सगळं परतही घेतलं. पण त्या सकाळी ती प्रेतं कोणाची तरी मुलं होती हे सर्वांदेखत कबूल करावं लागलं. जूनच्या पॅरिसमध्ये विधानसभेतल्या कोणाची टोपी निघाली नाही.

पुढे ओसमान आला. १८५३ पासून सतरा वर्षं पॅरिसचा प्रिफेक्ट. रुंद बुलेव्हार काढताना बंडाच्या, बॅरिकेडांच्या वस्तीचं पोट फाडलं, असं त्याने आपल्या आठवणींत लपवाछपवी न करता लिहिलं. त्याने गटारं बांधली, पाणी आणलं, हे त्याचं श्रेय. पण त्या वस्त्यांतला गरीब शहराच्या कडेला बेलव्हीलकडे ढकलला गेला, आणि १८७१ च्या मे महिन्यात, कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसच्या बंडखोर सरकारच्या, शेवटच्या आठवड्यात, अखेरचे बॅरिकेड तिकडेच पडले. रस्ता रुंद केला तरी प्रश्न अरुंद गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत जातो एवढंच. आज मराठीत ‘बॅरिकेड्स लावले’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलिसांचे पिवळे लोखंडी अडसर येतात. शब्द पूर्ण फिरून दुसऱ्या हातात गेलाय.

पण ओसमानच्या आधी, जूनच्या साडेतीन वर्षांनंतर, एक सकाळ आली होती. १८४८ च्या डिसेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तीत काव्हेन्याकला सम्राट नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन याने कितीतरी मागे टाकलं. मग २ डिसेंबर १८५१ रोजी त्याच लुई नेपोलियनने सभा बरखास्त केली, प्रतिनिधींना अटक केली, प्रजासत्ताक संपवत आणलं. ३ डिसेंबरला काही प्रजासत्ताकवादी प्रतिनिधी सँतांत्वान उपनगरात पोचले. अंगावर पदाचे पट्टे घालून ते कामगारांना हाका मारत होते: बाहेर या, प्रजासत्ताक वाचवा. एक लहानसा बॅरिकेड कसाबसा उभा राहिला. कामगार पदपथावर उभे राहून बघत होते. प्रतिनिधींना दिवसाला पंचवीस फ्रँक भत्ता मिळायचा. त्या पंचवीस फ्रँकांसाठी आम्ही मरायचं का, असं कोणीतरी म्हणालं. अल्फोन्स बोदँ नावाचा प्रतिनिधी, पेशाने डॉक्टर, बॅरिकेडवर चढला. पंचवीस फ्रँकांसाठी कसं मरतात ते बघा, असं म्हणाल्याचं सांगतात. सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि तो तिथेच पडला.

उपनगर उठलं नाही. ज्यांनी उठायचं, त्यांतले कितीतरी जूनमध्येच मेले होते, आणि काही अल्जीरियात होते.